कापलेलं पाणी

कुन्नुमाडम
३ ऑगस्ट १९९८

स्करिया,

अम्मच्ची पलंगावरून उतरताना पडली. मांडीचं हाड मोडलं आहे. आलप्पुळ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाले, ऐंशी वर्षांच्या बाईला टेबलावर घेण्यात अर्थ नाही. घरी न्या, मागतील ते खायला द्या. शेवटचं वाक्य त्यांनी एक्स-रेकडेच बघत म्हटलं.

तुझा पत्ता आपल्या आतेभावाने, मत्तायीने दिला. गेल्या वर्षी तो बायकोच्या भाचीच्या लग्नाला राउरकेलाला गेला होता. तिथे चर्चमध्ये तू त्याला दिसलास. त्याने हाक मारली नाही. एवढ्या लांबवरही त्याला अम्मच्चीची भीती वाटली. परत आल्यावर मला म्हणाला, "स्करिया जाड झालाय. चष्मा लागलाय. कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे म्हणे. दोन मुली आहेत." हे तो होडीतून बदकं उतरवता उतरवता सांगत होता. मला दोन पुतण्या आहेत हे मला बदकांच्या कलकलाटात कळलं.

मी लिहितो आहे ते अम्मच्चीच्या मयताच्या फोटोसाठी. दुसऱ्या कोणाला हे विचित्र वाटेल. तू याच घरात वाढलास. परवा तिने मला जवळ बोलावलं.

"पोथा, मी गेले की पेटीतला माझा फोटो नीट काढ. पेटी सरळ आली पाहिजे. तुझ्या बापाच्या वेळी आली होती तशी."

"काढीन."

"आणि त्या मत्तायीला पुढे घेऊ नकोस. तो सगळ्यांच्या मयताला सारखाच रडतो."

"नाही घेत."

"डोक्याशी कोण उभं राहील?"

मी तिच्या पायावरची चादर सारखी करत राहिलो. पेटीच्या डोक्याशी मुलगे उभे राहतात. आपल्या घरी एक मुलगा कॅमेऱ्यामागे असतो आणि दुसऱ्याचं नाव काढायला सत्तावीस वर्षं बंदी आहे. अप्पनच्या फोटोत डोक्याशी मेणबत्त्यांचा उंच स्टँड आहे. बघणाऱ्याला ती सजावट वाटते.

तू यावंस. तू येशील एवढं कळलं तर मला तिच्याशी बोलायला बळ येईल.

जुन्या गोष्टीबद्दल एवढंच म्हणतो की माझ्या हातात होतं ते मी केलं. आपली बहीण गेली ती गेली, तंकम्मा परत येणार नव्हती. होडी कललेली होती हे फोटोत दिसत होतं. तो फोटो मी स्वतः नेऊन फौजदाराच्या टेबलावर ठेवला, म्हणून तुझ्यावर खटला झाला नाही. हे तुला कोणी सांगितलं नसेल.

तुझा थोरला, इच्चायन
पोथन


कुन्नुमाडम
१९ ऑगस्ट

स्करिया,

उत्तर नाही. पोस्टमन कुंजप्पी आता दारापर्यंत येतही नाही. लांबूनच हात हलवतो.

अम्मच्ची जागी असते तेव्हा छताकडे बघते. सरोवराकडची खिडकी तिने कधीच उघडू दिली नाही, आता तरी उघडू का म्हणून शोशाम्माने विचारलं. अम्मच्ची म्हणाली, "सून म्हणून इतकी वर्षं राहिलीस, आता काय कुतूहल?" शोशाम्मा हसत बाहेर आली आणि मग चुलीपाशी बराच वेळ बसून राहिली.

काल पलीकडच्या काठावर मयत होतं. म्हातारी चौऱ्याण्णव वर्षांची. बहरीनहून मुलगी यायची म्हणून दोन दिवस थांबवून ठेवली होती. पेटीभोवती बावन्न माणसं. मी स्टुलावर. तिची धाकटी बहीण मला म्हणते, "पोथन-चेट्टा, मला डावीकडून घ्या. उजवीकडे दात नाहीत."

"तोंड मिटून उभ्या राहा."

"मयतात तोंड मिटून कसं उभं राहायचं?"

तिचा भाऊ मागून म्हणाला, "तुझ्या लग्नाचा फोटो नाही हा, मरियाम्मे."

"लग्नात होते मला दात."

सगळे हसले आणि मग एकदम रडू लागले. अप्पन म्हणायचे, हाच क्षण, आता दाबा. मी दाबलं.

तुला हे माहीत नाही की मी आता कॅमेरा हातात धरत नाही. सत्तावीस वर्षांत एकही फोटो हातावर काढलेला नाही. स्टँड नेतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावर गवंड्याची पाणसळ चिकटवली आहे. तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की मगच पुढे. होडीत स्टँड उभा राहत नाही, म्हणून होडीतलं काम घेत नाही. पोरं मला बघून म्हणतात, आला भिंत बांधायला. माझ्या फोटोत पेटीची कड इतकी सरळ असते की तिच्यावर बशी ठेवावी.

लोकांना वाटतं हा माझा काटेकोरपणा.

एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. पेटीभोवती उभे असतात तेव्हा सगळे खाली बघतात, मेलेल्या माणसाकडे. कॅमेऱ्याच्या काचेत मला एक चेहरा वर केलेला दिसतो. माझ्याकडे बघणारा. प्रत्येक मयतात. कधी मागच्या रांगेत, कधी अगदी पायांशी. मी फोटो धुतो. कागदावर तो चेहरा नसतो. काल मी काचेत डोकी मोजली, त्रेपन्न. कागदावर बावन्न.

अप्पन आपल्याला मागच्या धक्क्यावर शिकवायचे ते आठवतं का? तंकम्मा तळहातावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला घेऊन उभी राहायची आणि आपण त्या पाण्याचा फोटो काढायचा. पाण्याची रेघ चौकटीच्या रेघेला समांतर आली पाहिजे. पाठ माडाला, कोपरं बरगड्यांना, अर्धा श्वास सोडायचा, उरलेला धरायचा, मग बटण. ती मुद्दाम हसायची. "इच्चायना, लवकर, हात भरून आला. स्करियाने तर केव्हाच काढला."

माझ्या फोटोत उजवी बाजू खाली जायची. तुझ्यात डावी. किती काही केलं तरी. अप्पनने एकदा आपल्या दोघांचे फोटो एकावर एक ठेवले, उजेडाकडे धरले आणि म्हणाले, "माझे दोन पोरगे मिळून एक सरळ माणूस होतो." दुकानाच्या पाटीवर अजून 'यॉहन्नान आणि मुलगे' असंच आहे. मी 'मुलगे' खोडलं नाही.

आता ज्यासाठी कागद घेतला ते.

चेरियान मास्तरांची पेटी होडीत होती. आपण दोघं समोर छोट्या डोंगीत. कॅमेरा माझ्याकडे, वल्हं तुझ्याकडे. "काठाकडे सरका" ही आरोळी तुझी. शर्यतीच्या होडीवर गाणारा तुझा आवाज सगळ्या गावाने ओळखला. लोक सरकले. होडी उलटली. वीस माणसं बाहेर आली, आपली तंकम्मा होडीखाली राहिली.

अम्मच्ची धक्क्यावर उभी होती. तिनेही तो आवाज ऐकला.

पण शब्द माझे होते. मी कॅमेऱ्यातून डोळा न काढता तुला म्हणालो, "होडी सरोवराकडे झुकलीय. काठाकडे सरका म्हणून सांग त्यांना." तू सांगितलंस. पुढे अम्मच्चीने तुला विचारलं, "कोण ओरडलं?" तू म्हणालास, "मी." आणि माझ्याकडे बघितलंस. मी कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत होतो.

तू आठ दिवस वाट बघितलीस. मग गेलास.

हे मी कबूल करतो. माझ्या मते होडी झुकलेली होती आणि मी चांगल्यासाठीच सांगितलं. पण सांगितलं मी.

पोथन


कुन्नुमाडम
६ सप्टेंबर

स्करिया,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खरं आहे. त्याच्या आधीचं नाही.

काल बिस्किटांचा डबा काढला. निगेटिव्ह दमट होऊ नये म्हणून तळाशी तांदूळ घातले आहेत, ते मी दर वर्षी बदलतो. तांदूळ बदलतो, निगेटिव्ह बघत नाही. काल दिव्यासमोर धरली. रात्रभर डार्करूममध्ये होतो. पूर्ण फोटो काढला, कडेपासून कडेपर्यंत. आजवर या निगेटिव्हचा असा फोटो कोणी काढलेला नाही. सोबत पाठवतो आहे. आधी हे वाच, मग बघ.

फेब्रुवारी होता. वारा नव्हता. मास्तरांचा मुलगा कुवेतला अडकला होता, त्याला पाठवायला पेटी चर्चकडे निघाल्याचा फोटो हवा होता. होडी धक्क्यावरून सुटली आणि आपल्या समोर आली. पेटीचं झाकण लावलेलं. पुढे आडवी फळी, तिच्यामागे पेटी, दोन्ही बाजूंना माणसं, काळ्या छत्र्या. मास्तरांच्या मुलीचा हात धरून तंकम्मा. मास्तरांनी तिला गणित शिकवलं होतं. फोटोच्या डाव्या हाताला काठ, उजव्या हाताला मोकळं सरोवर आणि त्याची लांबवरची रेघ.

डोंगीत पाठीला माड नव्हता. मी गुडघ्यांवर होतो. फळी बघितली. फळीची उजवी बाजू खाली होती.

अप्पन किती वेळा म्हणाले असतील. पायांवर विश्वास ठेवू नका, फळीवर नको, भिंतीवर नको. आधी पाणी बघा. पाणी कलत नाही. पाणी कललेलं दिसलं तर तुम्ही कललेले आहात.

मी फळी बघितली. पाणी बघितलं नाही. तुला म्हणालो, सांग त्यांना.

नंतर बघितलं.

तू सांगण्यासाठी छाती भरून घेतलीस. तेवढ्यात माझी नजर उजव्या कडेला गेली. सरोवराची रेघही कललेली होती. फळीइतकीच. म्हणजे होडी सरळ होती. माझा हात, नेहमीसारखा, कलला होता. मला हे समजलं. अगदी लख्ख समजलं. तू अजून तोंड उघडलं नव्हतंस. "थांब" एवढाच शब्द हवा होता.

पण मी अर्धा श्वास सोडला होता आणि उरलेला धरला होता. बोट बटणावर होतं. सगळे खाली बघत होते, चित्र जमलं होतं. बोललो असतो तर हात हलला असता.

मी बटण दाबलं. मग तू ओरडलास.

त्यानंतर मी कॅमेरा खाली घेतला, आणि जे झालं ते आपण दोघांनी उघड्या डोळ्यांनी बघितलं. मास्तरांची पेटी पाण्यावर आली आणि तरंगत राहिली. कुठे कलली नाही. काठावरून कुट्टप्पन आणि इतर उड्या टाकत होते, तू होडीखाली दोनदा गेलास, आणि ती पेटी तशीच, सपाट, हळूहळू सरोवराकडे जात होती. मला ती कधी झोपेत दिसत नाही. जागेपणी दिसते. पेल्यात पाणी ओतलं की दिसते.

कॅमेरा माझ्या गळ्यात कोरडा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी फौजदाराने फोटो मागवला. अप्पन भिंतीकडे तोंड करून झोपले होते. डार्करूममध्ये मी एकटा. कागदावर चित्र उमटलं तेव्हा फळी आणि पाणी दोन्ही एकाच बाजूला कललेले. कोणाही शहाण्या माणसाला कळलं असतं की होडी सरळ आहे आणि फोटो काढणारा वाकडा. आणि तो उजवीकडे वाकडा असणारा कोण हे अप्पनना कळलं असतं.

मी पुन्हा कागद लावला. उजवी बाजू कापली, सरोवर गेलं. खालची चार बोटं कापली, होडीपुढचं पाणी गेलं. पाण्याची एक रेघ शिल्लक ठेवली नाही. उरली माणसं, पेटी आणि कललेली फळी. फौजदाराने बघितलं आणि म्हणाला, "होडी कललेली होतीच की. पोराने घाईत आरडाओरडा केला, एवढंच." केस मिटली. मी बाहेर येऊन स्वतःला सांगितलं की मी तुला वाचवलं. पहिल्या पत्रात तुलाही तेच सांगितलं.

मी तुला वाचवलं नाही. मी पाणी कापलं.

आता फोटो बघ. डावीकडून तिसरी, छत्रीच्या दांड्यामागे. सगळे खाली बघताहेत. ती वर बघते आहे. तिला माझी उजवी बाजू लहानपणापासून माहीत होती. कदाचित कॅमेरा कललेला तिला दिसला असेल. कदाचित ती मला तेच सांगणार होती.

पोथन


८ सप्टेंबर

काल पत्र पेटीत टाकलं. घरी आलो आणि परत गेलो. पोस्टमास्तरीणबाईंना म्हटलं, पाकीट चुकून पडलंय, काढून द्या. त्या म्हणाल्या, "चेट्टा, थैली बोटीवर चढली. प्रेमपत्र होतं का?" मी हो म्हणालो.

म्हणजे ते तुला मिळेल.


कुन्नुमाडम
२७ सप्टेंबर

स्करिया,

तुझं पाकीट आलं. कुंजप्पी दारापर्यंत आला, आत आला, आणि मी उघडेपर्यंत उभा राहिला. त्याला वाटलं तुझ्या मुलींचे फोटो असतील.

मी पाठवलेलाच फोटो तू परत पाठवलास. पत्र नाही, चिठ्ठी नाही. फोटोवर पेन्सिलीच्या दोन बारीक रेघा, पट्टीने ओढलेल्या. एक फळीवर, एक सरोवराच्या लांबवरच्या रेघेवर. दोन्ही कडेपर्यंत नेल्या आहेत. किती नेल्या तरी एकमेकींना भेटत नाहीत. खाली तू अंशांचा आकडा लिहिला आहेस. ड्राफ्ट्समनचं अक्षर. साडेतीन.

मला वाटायचं बोटभर असेल. सत्तावीस वर्षांत मी ते कधी मोजलं नाही.

तंकम्माच्या चेहऱ्याभोवती कागद थोडा फुगला आहे. ओला होऊन वाळला की फुगतो तसा.

त्या दिवशी दुपारी मी अम्मच्चीला सांगितलं. तांदळाची कंजी भरवत होतो. चमचा तिच्या तोंडाशी होता. म्हटलं, "मास्तरांच्या होडीचं सांगायचंय." तिने तोंड मिटलं. मी सगळं सांगितलं, या पत्रांत लिहिलं त्याच क्रमाने नाही, शेवटापासून सुरुवातीकडे. ती ऐकत होती. मध्ये एकदाच विचारलं, "पाणी सरळ होतं?"

"पाणी सरळच होतं. होडीही. मी कललो होतो."

"तुला दिसलं?"

"दिसलं."

"आधी?"

"तो ओरडायच्या आधी."

तिने चमचा हाताने बाजूला केला. तो दिवस, पुढचा दिवस काही बोलली नाही. शोशाम्माच्या हातून दोन घोट घ्यायची. मी दारात आलो की डोळे मिटायची. तिसऱ्या दिवशी हाक मारली.

"आवाज त्याचा होता. मी ऐकला."

"आवाज त्याचा होता, अम्मच्ची. सांगितलं मी."

"रेडिओवर होड्यांचं गाणं लागलं तर मी बंद करायला लावायचे. त्याचा आवाज वाटायचा."

"माहीत आहे."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

मी तिची चादर सारखी करायला वाकलो. तिने ती ओढून घेतली. म्हणाली, "चुकीच्या पोराला घराबाहेर ठेवलं मी. आणि दुसऱ्याच्या हातची कंजी पीत राहिले."

"हो."

"हो म्हणतोस."

"खरं आहे म्हणून."

तिने छतावरून नजर काढली. मग शोशाम्माला म्हणाली, "ती खिडकी उघड." शोशाम्माला खिटी हलेना. गंजून बसली होती. मी नारळ सोलायच्या पहारीने उचकटली. सरोवराचा उजेड छतावर पडला आणि हलू लागला. अम्मच्ची म्हणाली, "अजून आहे तिथंच."

मग मला तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. "त्याला बोलाव. माझ्या डोक्याशी उजव्या हाताला तो उभा राहील. डाव्या हाताला कोणी नको, ती जागा रिकामी ठेव. फोटो तूच काढ. ते तीन पायांचं लाकूड आणायचं नाही. हातात धर. धक्क्यावर काढ, मागे पाणी दिसू दे. आणि जसा येईल तसा राहू दे. कापायचा नाही."

मी म्हटलं, "वाकडा येईल."

"येऊ दे. तुझ्याच हातचा आहे, हे सगळ्यांना दिसू दे."

कंजी मात्र तिने माझ्या हातून पुन्हा घेतली नाही.

तार वेगळी करतो आहे. दुकानात आता फोन आहे, नंबर तारेत आहे.

पोथन


कुन्नुमाडम
११ ऑक्टोबर

स्करिया,

हे पत्र मत्तायी तुला आलप्पुळ्याच्या स्टेशनवर देईल. होडीत बसण्याआधी वाच. तुला पुलावरून बसनेही येता येईल, पण मी त्याला होडीच घेऊन जायला सांगितलं आहे. नको असेल तर त्याला तसं सांग, तो रागावणार नाही. तो रडत असेल. तिकडे लक्ष देऊ नकोस.

तू फोन केलास तेव्हा दुकानातल्या फोनची वायर पलंगापर्यंत पुरेना. मी आणि शोशाम्माने पलंगच दुकानात उघडणाऱ्या दाराशी ओढला. अम्मच्चीने रिसीव्हर कानाला लावला. बराच वेळ पलीकडून काही आलं नसावं. मग ती म्हणाली, "बोल." तू काय बोललास ते मला माहीत नाही. ती म्हणाली, "आवाज जाड झालाय." मग म्हणाली, "मुलींना पोहता येतं?" मग म्हणाली, "शिकव." रिसीव्हर शोशाम्माकडे दिला. तू माझी चौकशी केली नाहीस. करायला हवी होतीस असं माझं म्हणणं नाही.

त्यानंतर ती पाच दिवस होती. शुक्रवारी दुपारी गेली. खिडकीकडे तोंड होतं. शोशाम्मा तिथे होती, मी दुकानात कोणाचे तरी पासपोर्टचे फोटो कापत होतो.

तुझी गाडी तीन दिवसांची, म्हणून तिला आलप्पुळ्याच्या इस्पितळात थंड पेटीत ठेवलं आहे. तू उतरशील तेव्हा ती त्याच गावात असेल. वाटलं तर आधी तिकडे जा.

गावाला सांगून झालं आहे. काल चर्चमध्ये प्रार्थनेनंतर पाद्री अच्चननी विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का. मी उभा राहिलो आणि तुझ्या पेन्सिलीच्या रेघांचा फोटो पहिल्या रांगेत दिला. तो मागेपर्यंत गेला. मास्तरांची मुलगी शेवटच्या बाकावर होती. आता तिचे केस पांढरे झाले आहेत. तिने तो सगळ्यांत जास्त वेळ बघितला. बाहेर पडताना मला म्हणाली, "माझ्या हातातून तिचा हात सुटला असं मी आजपर्यंत म्हणत आले. आम्ही सगळे एकदम सरकलो, तेव्हाच तो सुटला. आम्ही सरकलो कशाला?" मी तिला उत्तर दिलं. पुन्हा एकदा, पहिल्यापासून. कुट्टप्पन जवळच होता. म्हातारा झालाय, त्या दिवशी तंकम्माला पाण्याबाहेर त्यानेच काढलं होतं. तो म्हणाला, "पाण्याला विचारायचं होतंस की रे." आणि छत्री उघडून निघून गेला.

उद्या माझ्याशी बोललाच पाहिजेस असं नाही. शोशाम्मा तुझं ताट वाढेल. तुझी खोली झाडली आहे. तिथे माझे स्टँड ठेवलेले असायचे, ते काढले.

फोटो चार वाजता. पेटी मागच्या धक्क्यावर ठेवू, सरोवर पाठीशी. तू उजव्या हाताला. डाव्या हाताची जागा रिकामी. मत्तायी तिथे शिरायला बघेल, त्याला सांगून ठेवलं आहे.

अप्पनचा माड अजून आहे. मी पाठ त्याला टेकवीन. कोपरं बरगड्यांना. सत्तावीस वर्षांत केलं नाही, वेळ लागेल, पण लोक थांबतील. सगळे खाली बघतील. काचेत एक चेहरा वर असेल, तो नेहमीचा. या वेळी मी त्याला बघून घेणार आहे. तूही वर बघितलंस तर मला चालेल.

मी अर्धा श्वास सोडीन. उजवी बाजू खाली जाईल. पेटी, फळ्या, मागचं पाणी, सगळं तुझ्या बाजूला झुकलेलं मला दिसेल. मी काही म्हणणार नाही. दुसरं कोणी म्हणालं, जरा इकडे व्हा, तर ऐकू नकोस.

सरकू नकोस.

पोथन